हेड नसलेलं इंजिन

ज्यांच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं त्यांना ‘हेड खोलावं लागंल’ हे वाक्य पाठ असणार. इंजिन दम धरेनासं झालं, धूर पांढरा पडला, पाण्यात बुडबुडे यायला लागले की मिस्त्री हेच सांगायचा. मग गोणपाट अंथरलं जायचं, नट सैल व्हायचे, रॉकर आणि पुशरॉड बाजूला निघायचे आणि ते बिडाचं जड हेड उचललं जायचं. खाली गॅस्केट एका जागी करपून काळं पडलेलं दिसायचं. सिलिंडरवरचं हे झाकण इंजिनाच्या बहुतेक दुखण्यांचं घर. व्हॉल्व्ह तिथे, त्यांच्या सीट तिथे, नोझल तिथे, पाणी खेळवायच्या पोकळ्या तिथे आणि प्रत्येक भडक्याचा दाब सोसून झाकण जागेवर धरून ठेवणारे स्टडही तिथेच.

म्हणून डिप्लोमाच्या दिवसांत लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकात हेडच नसलेल्या इंजिनाचा छेद पाहिला, तेव्हा ते पान मला बराच वेळ उलटवेना. एक लांब नळी. तिच्यात दोन पिस्टन, तोंडं समोरासमोर. दोघं मधोमध येतात, जवळजवळ टेकतात, त्या फटीत दाबली गेलेली हवा लालभडक तापते, नळीच्या कुशीतल्या नोझलमधून डिझेलचा फवारा येतो आणि दोघं एकमेकांपासून दूर फेकले जातात. पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणारा एक क्रँक वर, एक खाली, दोन्ही गिअरांनी एकमेकांना बांधलेले. व्हॉल्व्ह नाहीत. नळीच्या एका टोकाकडे भोकांची माळ आहे, तिच्यातून ताजी हवा आत येते. दुसऱ्या टोकाकडे दुसरी माळ आहे, तिच्यातून जळका वायू बाहेर पडतो. त्या माळा उघडायचं आणि झाकायचं काम पिस्टन स्वतःच्या अंगाने करतात. अपोज्ड पिस्टन इंजिन म्हणतात ते हेच. तेव्हापासून या इंजिनाबद्दल जे हाती लागेल ते मी वाचत आलो आहे.

त्याचा पहिला आणि सगळ्यात मोठा फायदा उष्णतेच्या हिशेबात आहे. डिझेल जळून जी उष्णता निघते तिच्यातली फार मोठी वाटणी नेहमीच्या इंजिनात पाण्यावाटे आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. पाण्यात जाणारी उष्णता ज्या पृष्ठभागांतून निसटते त्यांत हेडचा वाटा मोठा, कारण ते थंड ठेवावंच लागतं; नाही ठेवलं तर व्हॉल्व्ह जळतात आणि बीड तडकतं. आता दोन साधी सिलिंडरं घ्या, त्यांची हेडं काढून टाका आणि उघडी तोंडं एकमेकांना जोडा. दोन थंड भिंती नाहीशा झाल्या. उरले ते पिस्टनचे दोन माथे, आणि ते हेडपेक्षा कितीतरी गरम राहू शकतात. जी उष्णता पाण्यात गेली असती ती पिस्टन ढकलायला उरते. शिवाय प्रत्येक पिस्टनची धाव आखूड असूनही दोघांची मिळून लांब होते, म्हणजे पिस्टनचा वेग बेताचा ठेवूनही वायूला पसरायला भरपूर जागा मिळते. आणि इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक नळी कामाचा एक धक्का देते.

टू-स्ट्रोक म्हटलं की आपल्याला धूर ओकणाऱ्या जुन्या स्कूटर आठवतात. त्यांच्यात ताजी हवा आणि जळका वायू एकाच टोकाशी घोटाळतात, थोडं पेट्रोल न जळताच निघून जातं. इथे तसं नाही. ब्लोअरने ढकललेली निव्वळ हवा एका टोकाने शिरते आणि जळक्या वायूला पुढे घालून दुसऱ्या टोकाने बाहेर काढते. त्यातही एक बारकावा आहे आणि माझ्या मते या इंजिनातली सगळ्यात सुंदर युक्ती तीच. दोन्ही क्रँक अगदी बरोबरीने फिरत नाहीत. बाहेर सोडणाऱ्या टोकाचा क्रँक काही अंश पुढे ठेवलेला असतो. त्यामुळे जळक्या वायूची भोकं आधी उघडतात, दाब उतरतो आणि मगच ताज्या हवेचं दार उघडतं. परत येताना जळक्याची भोकं आधी मिटतात आणि ब्लोअरला नळी चांगली गच्च भरता येते. व्हॉल्व्ह, कॅम, स्प्रिंग असं काही न हलवता, नुसत्या क्रँकच्या कोनातून हे साधतं.

या इंजिनाची गोष्ट एका माणसाशिवाय सांगता येत नाही. ह्यूगो युंकर्स, जन्म ३ फेब्रुवारी १८५९. जर्मनीतल्या देसाऊ गावी विल्हेल्म फॉन ओखेलहॉयझर यांच्याबरोबर त्याने १८९२ मध्ये समोरासमोरच्या पिस्टनांचं गॅसवर चालणारं इंजिन उभं केलं. गॅसमध्ये नेमकी किती उष्णता आहे हे कळल्याशिवाय इंजिनाचा हिशेब लागेना, म्हणून त्याने ती मोजायचं यंत्र बनवलं: जळत्या गॅसची सगळी उष्णता वाहत्या पाण्यात उतरवायची आणि पाणी किती तापलं ते पाहायचं. त्याच यंत्रातून पुढे न्हाणीघरातला गॅसचा गिझर निघाला आणि गिझरच्या धंद्याने त्याच्या पुढच्या संशोधनाला पैसा पुरवला. मला या जोडीचं फार कौतुक वाटतं. गिझरमध्ये एकही कॅलरी पाण्याला चुकवता कामा नये, आणि इंजिनात एकही कॅलरी पाण्याला मिळता कामा नये. उलट्या दिशेची ही दोन कामं एकाच डोक्यात शेजारी शेजारी चालली होती. उष्णता कुठून निसटते हे ज्याने एवढं बारकाईने मोजलं होतं, त्याला हेड काढून टाकायचा मोह होणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

हा विचार त्याच्या एकट्याचा नव्हता. रशियात कोलोम्नाच्या कारखान्यात रेमंड कोरेइव्हो १९०७ च्या सुमाराला याच वाटेने चालला होता. फ्रान्सच्या गोब्राँ-ब्रिये मोटारीतही समोरासमोरचे पिस्टन होते, ते पेट्रोलचं इंजिन. तीच मोटार घेऊन लुई रिगोलीने १९०४ मध्ये बेल्जियमच्या ओस्टेंडला ताशी १०० मैलांची वेस पहिल्यांदा ओलांडली.

पण हे इंजिन आकाशात नेलं युंकर्सने. १९३० च्या दशकातलं त्याच्या कंपनीचं युमो २०५ म्हणजे सहा नळ्या, बारा पिस्टन, नळीचा व्यास १०५ मिलिमीटर, प्रत्येक पिस्टनची धाव १६०. विमानात डिझेल इंजिन बसवायचं तर वजन आडवं येतं. इथे हेडच नसल्यामुळे ते वजन वाचलं, इंजिन समोरून अरुंद झालं आणि डिझेल पुरवून पुरवून वापरलं गेलं. मार्च १९३८ मध्ये डॉर्निअर डीओ १८ जातीची उडती बोट इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघाली ती ८,३९२ किलोमीटर न थांबता ब्राझीलच्या काराव्हेलासला उतरली. तिच्या पाठीवर हीच डिझेल इंजिनं होती. युंकर्सने ते पाहिलं नाही. १९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या नाझींनी त्याच्याकडून त्याचे पेटंट आणि कंपन्या हिसकावून घेतल्या, त्याला नजरकैदेत ठेवलं आणि १९३५ मध्ये, आपल्या शहात्तराव्या वाढदिवशी, तो गेला. पुढे त्याच्या इंजिनाची टर्बो लावलेली बहीण, युमो २०७, टेहळणीच्या विमानांना १२ हजार मीटरच्याही वर घेऊन गेली. तिथल्या विरळ हवेत त्यांना गाठणं शत्रूला बराच काळ जमत नव्हतं. ज्या राजवटीने त्याला घराबाहेर पडू दिलं नाही तिच्याच कामी त्याची विद्या आली, हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

आता अटलांटिकच्या पलीकडे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइटच्या फेअरबँक्स-मोर्स कंपनीने १९३० च्या दशकात पाणबुड्यांसाठी याच पद्धतीचं इंजिन घडवलं. नळीचा व्यास सव्वाआठ इंचांना किंचित कमी, प्रत्येक पिस्टनची धाव १० इंच. नऊ किंवा दहा नळ्यांचं एक इंजिन मिनिटाला ७२० फेऱ्यांना १,६०० अश्वशक्ती द्यायचं आणि एका पाणबुडीत अशी चार असायची. खालचा क्रँक वरच्याच्या १२ अंश पुढे. त्या बारा अंशांचा परिणाम असा की पूर्ण भारावर जवळजवळ ७२ टक्के ताकद खालच्या क्रँककडून येते. वरच्याच्या वाट्याला २८ टक्के, त्यातलीही काही ब्लोअर फिरवण्यात खर्ची पडते आणि उरलेली एका उभ्या शाफ्टवरून खाली उतरते. सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर ‘पॅम्पानिटो’ ही त्या काळातली पाणबुडी जपून ठेवली आहे. भाचीकडे गेलो होतो तेव्हा ती पाहिली. इंजिनरूममध्ये दोन्ही बाजूंना दोन इंजिनं आणि मधून एका माणसापुरती वाट. त्या वाटेत उभं राहून वरच्या क्रँकच्या झाकणाला हात लावला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की हे उघडायचं कसं?

हेड ही दुखण्याची जागा खरी, पण तेच इंजिनाचं दारही आहे. मिस्त्री आत शिरतो तो तिथूनच. हेड उचललं की व्हॉल्व्ह हातात येतात, पिस्टन ज्यात सरकतो ते लायनर दिसतं, खालून कनेक्टिंग रॉड सोडला की पिस्टन वर खेचून काढता येतो. हेड काढून टाकलं म्हणजे ते दारही गेलं. दोन्ही टोकांना क्रँक बसलेले. फेअरबँक्स-मोर्सच्या इंजिनात लायनर बदलायचं तर आधी वरचा अख्खा क्रँक उचलावा लागतो.

या इंजिनाचे फायदे सांगणारे लेख खूप आहेत आणि त्यांतलं जवळपास सगळं खरं आहे. पण त्याचं नशीब ज्यावर ठरलं ती गोष्ट मला ही वाटते: दार गेल्यावर आत कसं शिरायचं याचं उत्तर ज्या त्या ठिकाणी कुणी आणि कसं शोधलं.

पाणबुडीत उत्तर सोपं होतं. इंजिनाशेजारी झोपणारे, त्याचा आवाज ओळखणारे खास शिकवलेले खलाशी होते. बंदरात क्रेन होती. थंड करायला अख्खा समुद्र होता आणि आत येणारी हवा धुळीची नव्हती. तिथे या इंजिनाने असं नाव कमावलं की पुढे अणुपाणबुड्यांत राखीव इंजिन म्हणून आणि अणुवीज केंद्रांत आणीबाणीचं जनरेटर म्हणून तेच बसवलं गेलं. वर्षानुवर्षं गप्प राहून हाक आल्यावर काही सेकंदांत पूर्ण ताकदीनिशी उठायचं, हे काम ज्याच्यावर सोपवतात त्याच्यावर किती विश्वास असला पाहिजे!

मग त्याच कंपनीने तेच इंजिन रेल्वेत नेलं. १९५३ चं ‘ट्रेन मास्टर’ २,४०० अश्वशक्तीचं होतं, त्या काळी एका डब्यातून एवढी ताकद देणारं डिझेल लोकोमोटिव्ह म्हणजे नवलच. पण अमेरिकेतल्या लोको शेडांना सवय होती ती एकेका सिलिंडरचं हेड काढून, पिस्टन-लायनरचा संच वर खेचून काही तासांत गाडी रुळांवर सोडायची. इथे वरचा क्रँक उचलायला क्रेन, वेळ आणि वेगळी शिकवण लागे. त्यात रेल्वेची धूळ, उन्हाळ्यात तापणारं पाणी आणि घडीघडीला बदलणारा भार. काही वर्षांतच फेअरबँक्स-मोर्सने लोकोमोटिव्हचा धंदा आवरला.

एवढंच वाचलं असतं तर हे इंजिन रेल्वेच्या लायकीचं नाही असं म्हणून मी पुढे गेलो असतो. पण सोव्हिएत संघात याच इंजिनावर बेतलेलं २डी१०० बनलं, दहा नळ्या आणि २,००० अश्वशक्ती. १९५० च्या दशकापासून टीई३ जातीच्या हजारो लोकोमोटिव्हांत ते बसलं आणि सैबेरियापर्यंतची मालवाहतूक त्याने अंगावर घेतली. फरक असा, की तिथे एका अख्ख्या रेल्वेने स्वतःला या इंजिनाजोगतं करून घेतलं. प्रत्येक शेडमध्ये तेच इंजिन, तीच हत्यारं, तीच शिकवण. सगळ्यांनाच वरचा क्रँक उचलता येत असेल तर तो उचलणं हे नित्याचं काम होतं.

ब्रिटिशांनी तिसरंच उत्तर काढलं, आणि ते काढणारं इंजिन म्हणजे या घराण्यातलं सगळ्यात अचाट अपत्य. नेपिअर डेल्टिक. नौदलाच्या वेगवान बोटींसाठी हलकं आणि जोरदार डिझेल हवं होतं. नेपिअरच्या लोकांनी तीन नळ्या त्रिकोणात मांडल्या आणि तिन्ही कोपऱ्यांत एकेक क्रँक ठेवला. प्रत्येक क्रँक दोन नळ्यांचे पिस्टन सांभाळतो. असे सहा त्रिकोण एकामागे एक, म्हणजे १८ नळ्या आणि ३६ पिस्टन. यात अडचण अशी, की प्रत्येक नळीत जळका वायू सोडणारा पिस्टन थोडा पुढे राहिला पाहिजे, आणि तिन्ही क्रँक एकाच दिशेने फिरवले तर हे गणित त्रिकोणात बसेना. तोडगा सुचवला तो नौदलाच्या खात्यातल्या हर्बर्ट पेनवॉर्डन नावाच्या ड्राफ्ट्समनने: एक क्रँक उलटा फिरवा. गणित सुटलं. मोठमोठ्या नावांच्या मधे एका ड्राफ्ट्समनचं नाव टिकून राहिलं, याचा ड्रॉइंग बोर्डवर उभं राहून काम केलेल्या माझ्यासारख्याला किती आनंद होतो ते सांगता येणार नाही.

या डेल्टिकची दोन-दोन इंजिनं बसवलेली २२ लोकोमोटिव्ह १९६१-६२ मध्ये लंडन-एडिंबरा मार्गावर आली. प्रत्येकी ३,३०० अश्वशक्ती, ताशी १०० मैल. त्यांनी ५५ वाफेच्या इंजिनांची जागा घेतली आणि १९८२ च्या सुरुवातीपर्यंत धावल्या. एवढं गुंतागुंतीचं इंजिन शेडमध्ये खोलायचा प्रश्नच नव्हता, म्हणून ते खोलायचंच नाही असं ठरलं. तास भरले किंवा काही बिघडलं की अख्खं इंजिन उचलायचं, दुसरं बसवायचं, गाडी सोडायची आणि काढलेलं इंजिन जाणकारांच्या कारखान्यात पाठवायचं. इंजिन वजनाला हलकं होतं म्हणून हे परवडलं.

सागरी जहाजांवरच्या डॉक्सफर्डबद्दल थोडंच सांगतो, खरं तर त्याला वेगळा लेख हवा. सुंदरलंडच्या या कारखान्याच्या अवाढव्य इंजिनात क्रँकशाफ्ट एकच, खाली. वरचा पिस्टन दोन लांब दांड्यांनी खालच्या क्रँकशाफ्टला जोडलेला. भडका उडाला की खालचा पिस्टन शाफ्टला खाली रेटतो आणि वरचा त्याच शाफ्टला दांड्यांनी वर ओढतो, त्यामुळे दोन्ही जोर बऱ्याच अंशी शाफ्टमध्येच मिटतात. मुख्य बेअरिंगवर आणि सांगाड्यावर भार कमी येतो. वरच्या बाजूला क्रँकच नसल्यामुळे वरचा पिस्टन सरळ उचलून काढता येतो. म्हणजे दार परत मिळालं. डॉक्सफर्ड इंजिनं साठ वर्षांच्या आसपास बनत राहिली, त्यामागे हेही कारण आहे असं मी मानतो.

आपल्या देशाशी या इंजिनाचा संबंध आला तो रणगाड्यातून. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये विजयंता उभा आहे. लोक तोफेपाशी उभं राहून फोटो काढतात. मी मागच्या बाजूला, इंजिनाच्या बंद झाकणांपाशी रेंगाळलो. आत बसायचं लेलँड एल६०: सहा उभ्या नळ्या, बारा पिस्टन, १९ लिटर. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून चेन्नईजवळ आवडीला हा रणगाडा बनू लागला आणि १९७१ च्या युद्धाच्या वेळी तो आपल्या फौजेत होता. ब्रिटिशांच्या चीफ्टन रणगाड्यातही हेच इंजिन, आणि तिथे त्याने फार मनस्ताप दिला. नाटो राष्ट्रांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ठरवलं होतं की रणगाड्याचं इंजिन डिझेल, पेट्रोल, रॉकेल, मिळेल त्यावर चाललं पाहिजे. समोरासमोरच्या पिस्टनांचं टू-स्ट्रोक अशा कामाला सोयीचं म्हणून ते निवडलं गेलं, घाईने घडवलं गेलं आणि चीफ्टनचं वजन वाढत गेलं तशी त्याच्याकडून जास्त ताकद मागितली गेली. लायनरच्या सीलमधून गळती, तडकलेले लायनर, तेलाची गळती. विजयंता चीफ्टनपेक्षा बराच हलका, त्याच्यासाठी एल६० साधारण ५३५ अश्वशक्तीवर चालवलं जाई. तरी चिखलात, उन्हात, अख्खं इंजिन बाहेर काढून सील बदलणाऱ्या ईएमईच्या, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेच्या, जवानांनी किती घाम गाळला असेल याचा हिशेब कुठल्या पुस्तकात नाही. त्या विद्येची नोंद व्हायला हवी. ते लोक आता साठी-सत्तरीत आहेत, त्यांतले बरेच महाराष्ट्रातले आहेत आणि ते सांगतील ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही.

युक्रेनमधल्या खारकिव्हच्या अभियंत्यांनी मात्र रणगाड्यासाठी इंजिन आडवं निजवलं. टी-६४ चं ५टीडीएफ: पाच नळ्या, दहा पिस्टन, ७०० अश्वशक्ती आणि उंची साठ सेंटिमीटरहूनही कमी. क्रँकची टोकं डावी-उजवीकडे आली, तिथून थेट दोन्ही बाजूंच्या गिअरबॉक्सना जोडता आली आणि रणगाड्याची पाठ खाली बसली. त्यालाही सुरुवातीला धुळीने छळलं. पण खारकिव्हने हट्ट सोडला नाही. त्याचं सहा नळ्यांचं भावंड पुढे १,००० आणि १,२०० अश्वशक्तीपर्यंत गेलं. पाकिस्तानने घेतलेल्या टी-८०यूडीमध्ये आणि तिथे बनणाऱ्या अल-खालिदमध्ये तेच इंजिन आहे. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना, वेगवेगळ्या काळात, एकाच कल्पनेची ही इंजिनं गुरगुरली.

नंतर धुराचे नियम कडक झाले आणि हे इंजिन मागे पडलं. भोकांवरून सरकणाऱ्या रिंगा थोडं तेल भोकांत पुसत जातात, ते जळतं आणि धुरात उतरतं. जळका वायू सोडणाऱ्या पिस्टनला तर थंड हवेचा वारा जवळजवळ लागतच नाही, तो सतत तापलेला. या दोन अडचणी मूळच्या आहेत. त्या झाकून फायदे सांगणं बरोबर नाही. पण गेल्या वीस वर्षांत कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या अचेटिस पॉवरने संगणकावर नळीतल्या वाऱ्याचा आणि फवाऱ्याचा अभ्यास करून १०.६ लिटरचं, तीन नळ्यांचं ट्रकचं इंजिन उभं केलं आणि ते रस्त्यावर माल ओढताना तपासलं. एक जुना गुण त्यांनी नव्याने कामाला लावला: किती जळका वायू आत ठेवायचा हे ब्लोअरच्या हाती असल्यामुळे गार इंजिनाचा धूर लवकर गरम करता येतो, आणि धूर शुद्ध करणारं यंत्र गरम झाल्याशिवाय काम करत नाही. त्यांच्याच सोबतीने कमिन्सने अमेरिकी लष्करासाठी चार नळ्यांचं, १४.३ लिटरचं, १,००० अश्वशक्तीचं इंजिन बनवलं. रणगाड्यात तर रेडिएटर म्हणजे चिलखतातलं भोक, तेव्हा पाण्यात कमी उष्णता सोडणाऱ्या इंजिनाची किंमत तिथे सगळ्यात जास्त.

या नव्या इंजिनांचे कार्यक्षमतेचे आकडे वाचताना मला शंका येत नाही. ते गणित युंकर्सच्या काळापासून पक्कं आहे. मला वेगळं वाचायचं असतं आणि ते कुठे छापलेलं दिसत नाही. हायवेवरच्या गॅरेजमध्ये, एक क्रेन आणि दोन माणसं एवढ्यावर, मधल्या नळीचं लायनर बदलायला किती तास लागतात? दोन्ही क्रँक बाहेर काढावे लागतात की एकच? परत बसवताना त्यांच्यातला तो काही अंशांचा फरक जुळवायला कोणतं हत्यार लागतं, आणि ते मिस्त्रीच्या पेटीत मावतं का?